दुसरा गिअर आणि शेजारची जागा

वाहन खात्याच्या चाचणी मैदानावर गाडी नापास झाली ती दुसऱ्या गिअरमध्ये. पहिला नीट पडला. तिसऱ्यापर्यंत पोचण्याची वेळच आली नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडीच्या पोटातून असा काही करकराट निघाला, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शिकाऊ परवान्यासाठी रांगेत उभ्या असलेल्यांनी माना वळवल्या आणि त्यांतल्या एक बाई रांग सोडून निघून गेल्या. मागच्या सीटवर बसलेले निरीक्षक फॉर्मवर लिहू लागले. ते बराच वेळ लिहीत होते.

"पस्तीस वर्षांवरच्या गाडीला दोनच संधी असतात," ते उतरताना म्हणाले. "ही एक गेली. दुसरी सव्वीस तारखेला. तेव्हाही गिअर पडला नाही तर नोंदणी रद्द, गाडी थेट भंगारात. मग ती कोणाच्या नावावर करायची हा प्रश्नच उरत नाही."

"मी काही बोललो का?" पुढच्या सीटवरून सासरे म्हणाले.

त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

गाडी चालवत होता तो त्यांचा जावई. तो एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचा. वीस वर्षं त्याने लोकांच्या शरीरात काय बिघडलंय हे लोकांचं तोंडही न पाहता सांगितलं होतं, आणि त्याचा एकही रिपोर्ट कधी परत आला नव्हता. इमारतीत त्याला 'रिपोर्टवाले' म्हणत. अशा माणसाला त्याच्याच हातातल्या गाडीने भर मैदानात तोंडघशी पाडावं, हे त्याला फार लागलं.

गाडी सासऱ्यांची. फिक्या हिरव्या रंगाची, गोलसर अंगाची, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सलग बाकासारखी पुढची सीट असलेली, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून बाहेर आलेला. सासऱ्यांनी ती अडतीस वर्षं एकट्याने चालवली होती. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गाडी बंद केली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवले, आणि जेवून झाल्यावर म्हणाले, "जावईबापू, गाडी तुमच्या नावावर करतो. मी शेजारी बसेन. पण एक शब्द बोलणार नाही."

हा शब्द त्यांनी पाळला, हे मान्य केलंच पाहिजे. मधूनमधून ते "मी काही बोललो का?" एवढंच विचारत.

नाही म्हणायची सोय जावयाला नव्हती. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून सासरे सकाळी उठून पहिल्यांदा खाली जाऊन गाडी पुसायचे आणि मग चहा घ्यायचे. गाडी भंगारात गेली तर सकाळी उठून ते काय पुसणार, हा प्रश्न जावयाला जेवताना पडायचा, आणि घास तिथेच थांबायचा. हातात एकवीस दिवस होते.

मिस्त्रीने गाडी पाहिली, बॉनेट उघडलं, बंद केलं, आणि एकटाच चालवत चौकापर्यंत जाऊन आला. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला.

"साहेब, गाडीत काही नाही."

"मग आवाज कसला होता?"

मिस्त्रीने जावयाच्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या पायाकडे पाहिलं, आणि सहानुभूतीने मान हलवली. "होतं असं. जुनी गाडी माणूस ओळखते."

हे वाक्य जावयाला घरी येईपर्यंत पुरलं. घरी येताना शेजारी सासरे होते. वळणावर दुसरा गिअर टाकला, आणि गाडी दगड खाल्ल्यासारखी करकरली.

गाडी पुन्हा मिस्त्रीकडे गेली. त्याने गिअरचं तेल बदललं, एकट्याने फेरी मारली, गाडी उत्तम. जावई आणि सासरे परत आले, करकर. मग दांड्यांच्या सांध्यातले झिजलेले बुश बदलले. मिस्त्रीची फेरी उत्तम, घरी येताना करकर. मग क्लचच्या तारेचा ताण नीट केला. त्या खेपेला तर घराच्या फाटकातच असा आवाज झाला, की तळमजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर रुग्णाला तसाच जीभ बाहेर काढलेल्या अवस्थेत सोडून बाहेर आले.

या डॉक्टरांना गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण रोगातलं कळतं अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि त्यांच्या मते दोन्ही एकच.

"त्रास कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"महिना झाला."

"सकाळी वाढतो की संध्याकाळी?"

"डॉक्टर, गिअर आहे तो."

"असू द्या ना. गार वाऱ्याने वाढतो? भरल्या पोटी, म्हणजे टाकी भरलेली असताना? एकांतात बरं वाटतं की माणसांत?"

"गाडीला?"

"तेच तर विचारतोय. काही रुग्णांना विशिष्ट माणूस जवळ बसला की धाप लागते. माणूस उठून गेला की बरं. तुम्ही रक्तवाले लोक हे विचारतच नाही. बाटलीत रक्त घेता आणि माणसाला घरी पाठवता." डॉक्टर आत वळले आणि वळता वळता म्हणाले, "लिहून ठेवा सगळं. लक्षणं लिहिली की निम्मा रोग पकडला जातो."

जावई मनात हसला. पण लिहून ठेवण्याचा मुद्दा त्याला पटला, कारण तो मूळचा त्याचाच होता असं त्याला वाटलं. त्याने एक वही घेतली, पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले. तारीख, वेळ, इंजिन थंड की गरम, टाकीत किती, कोणता गिअर, आवाज कसा, सोबत कोण. शेवटचा रकाना जागा उरली म्हणून पाडला होता.

एक गोष्ट मात्र त्याने वहीत लिहिली नाही. गिअर करकरायच्या आधी क्षणभर त्याला क्लचचं पेडल लांब गेल्यासारखं वाटायचं. पाय नेहमीसारखाच दाबायचा, पण पेडल खाली टेकायच्या आतच पाय संपायचा. हे कोणाला सांगायचं म्हणजे फारच झालं. प्रयोगशाळेत एखाद्या रुग्णाने असं काही सांगितलं असतं, तर त्याने ते 'रुग्णाचा समज' म्हणून सोडून दिलं असतं. आपण घाबरतो म्हणून पाय आखडतो, असा निष्कर्ष त्याने मनातल्या मनात काढला, आणि त्यावर उपाय म्हणून तो अंघोळीच्या वेळी पोटऱ्या चोळू लागला.

एकोणीस तारखेपर्यंत वहीत एकतीस नोंदी झाल्या. चौदा वेळा बिघाड, सतरा वेळा ठीक. त्याने आलेख काढला. आलेख डोंगरासारखा दिसत होता आणि डोंगर कशाचा ते कळत नव्हतं. इंजिन गरम असताना बिघाड होत होता आणि थंड असतानाही. टाकी भरलेली असो की रिकामी, काही फरक नव्हता. मंगळवारी जास्त होता म्हणून त्याने दोन तास मंगळवारचा विचार केला.

बायको भाजी निवडत होती. ती शाळेत शिकवायची आणि बावीस शिक्षकांचं वेळापत्रक एकटीने करायची. रकाने वाचायचं तर तिनेच. तिने हात पुसले, वही ओढली आणि पहिले सहा रकाने सोडून सरळ शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"अहो."

"काय?"

"चौदाच्या चौदा वेळा बाबा आहेत."

जावयाने वही घेतली. खरंच होतं. मिस्त्री सोबत असताना ठीक. एकटा असताना ठीक. बायकोसोबत ठीक. बाबांसोबत चौदा फेऱ्या, आणि चौदाही वेळा बिघाड.

"हा योगायोग असणार," तो म्हणाला. चौदापैकी चौदा हा योगायोग असेल असं म्हणणाऱ्या सहकाऱ्याला त्याने प्रयोगशाळेतून बाहेर काढलं असतं.

"तुम्हाला म्हणायचंय काय, बाबांचा पायगुण वाईट आहे?"

"मी काही म्हणतच नाहीये!"

"मग सांगू नका त्यांना. वही लपवून ठेवा."

वही पिठाच्या डब्याच्या मागे गेली. पण प्रश्न तिथे बसेना. जावयाने शास्त्रीय मार्ग धरला. माणसाला वजन असतं. वजनाने गाडीचा तोल जातो, तोल गेला की दांडे वाकतात, दांडे वाकले की गिअर अडतो. सासऱ्यांचं वजन अडुसष्ट किलो. रविवारी सकाळी त्याने पाण्याचे कॅन भरून, मोजून अडुसष्ट लिटर पाणी शेजारच्या जागेवर ठेवलं आणि दोरीने बांधलं.

खिडकीतून डॉक्टर पाहत होते. "छान. पण पाण्याला स्वभाव नसतो हो," ते म्हणाले.

कॅन शांत बसून राहिले. दुसरा गिअर सात वेळा पडला, सातही वेळा बिनआवाज. परत आल्यावर सासरे फाटकात उभे होते. त्यांनी आपल्या जागेवर दोरीने बांधलेल्या कॅनकडे पाहिलं.

"पाणी कुठे फिरवून आणलंत?"

"जरा… चाचणी, बाबा."

"हं," सासरे म्हणाले. ते कॅन सोडवू लागले, आणि सोडवताना सीटच्या कापडावरून हात फिरवत राहिले. त्या बाजूचं कापड दोन ठिकाणी गुळगुळीत झालं होतं, गुडघ्यांएवढ्या अंतरावर. "तिचे गुडघे," ते स्वतःशीच म्हणाले आणि कॅन उचलून आत गेले.

बायकोने नंतर सांगितलं. "आई गाडीत कधी पाय खाली सोडून बसलीच नाही. मांडी घालून बसायची. बाबा ओरडायचे, हा काय ओटा आहे का म्हणून. आई म्हणायची, तुम्ही समोर बघा."

जावयाला ही माहिती हृद्य वाटली, पण उपयोगाची वाटली नाही. ती त्याने वहीत लिहिली नाही. न लिहिलेल्या गोष्टी आता दोन झाल्या.

चोवीस तारखेला तो कामावर न जाता मिस्त्रीकडे गेला आणि, मान खाली घालून, रकान्याची गोष्ट सांगितली. मिस्त्री हसेल असं त्याला वाटलं होतं. मिस्त्री हसला नाही. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "घेऊन या त्यांना. मी मागे बसतो."

सासऱ्यांना सांगितलं, की मिस्त्रींना आवाज मागून ऐकायचाय. सासरे कपडे बदलून, केस विंचरून आले आणि आपल्या जागेवर ताठ बसले. मिस्त्री मागच्या सीटवर न बसता खाली, दोन सीटच्या मधल्या जागेत, टॉर्च घेऊन घुसला. गाडी निघाली. पहिला गिअर. चौकातून एक सायकलवाला आडवा आला. जावयाने दुसऱ्यासाठी क्लच दाबला, पेडल लांब गेलं, पाय संपला, आणि करकर झाली.

"मी काही बोललो का?" सासरे म्हणाले.

"नाही, काका," मागून, खालून मिस्त्री म्हणाला. "थांबवा गाडी, साहेब. डिकी बघू जरा."

डिकीत बघण्यासारखं काही नव्हतं. मिस्त्रीने जावयाला डिकीच्या झाकणाआड घेतलं आणि, आपण फार हळू बोलतोय अशा समजुतीने, बोलू लागला.

"गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. तुमची सीट मागे जाते."

"कोणाची?"

"तुमची. सीट एकच आहे ना सलग, खाली रुळावर बसलेली. तिला जागेवर धरायला एक खटका आहे, त्याचा दात झिजलाय. तुमच्या एकट्याच्या जोराला धरतो. पण काका काय करतात, समोर काही आलं की दोन्ही पाय पुढे रोवतात. गच्च. ब्रेक मारल्यासारखे. पाठ सीटला लागते, वरून तुम्हीही क्लच दाबता, झालं, अख्खी सीट चार बोटं मागे. तुमचा पाय पेडलपर्यंत पुरा पोचतच नाही. अर्ध्या क्लचवर गिअर टाकलात तर करकरणारच. गाडी थांबली की काका पाय सोडतात, ब्रेकच्या धक्क्याने सीट येते जागेवर. बघायला गेलं तर काही नाही." मिस्त्रीने टॉर्च विझवला. "तुम्हाला कधी पेडल लांब गेल्यासारखं वाटलं नाही?"

जावयाने 'रुग्णाचा समज' म्हणून सोडून दिलं होतं ते नेमकं हेच.

आता त्याला सगळं दिसलं. तोंडाने बोलायचं नाही असं सासऱ्यांनी ठरवलं होतं, आणि ते न बोललेलं सगळं त्यांच्या पायांत उतरलं होतं.

"खटका बदला मग."

"मिळत नाही. करून घ्यावा लागेल. कारखान्यात सांगतो, आठ दिवस."

"परवा चाचणी आहे!"

"लाकडाची पाचर मारू शकतो. पण निरीक्षकाला दिसली तर तिथेच नापास. लाकूड म्हणजे जुगाड, असं लिहितात ते." मिस्त्रीने टॉर्च खिशात घातला. "सगळ्यात सोपं म्हणजे काकांनी घरी थांबावं."

ते शक्य नव्हतं. चाचणीनंतर लगेच तिथेच नाव बदलायच्या कागदावर मूळ मालकाची सही लागणार होती. आणि मूळ मालक आपल्या गाडीत पुढे बसणार, हे सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. म्हणजे कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, की अडतीस वर्षं गाडी चालवलेले तुम्ही, शेजारच्या जागेवर बसल्यावर घाबरता, आणि गाडीत बिघाड म्हणावा असा तेवढाच आहे.

"तुम्ही सांगा," बायको म्हणाली.

"तुझे बाबा आहेत."

"म्हणूनच. तुम्ही परके. परक्याचं इतकं लागत नाही."

"बावीस वर्षांनी परका झालो?"

"सोयीपुरते."

पंचवीस तारीख जावयाने वाक्यं जुळवण्यात घालवली. 'बाबा, पायांना आराम द्या' फार वैद्यकीय वाटलं. 'बाबा, मागे जास्त ऐसपैस आहे' हे खोटं होतं, कारण मागे काहीच ऐसपैस नव्हतं. चहाच्या वेळी त्याने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा बिस्किट मागितलं. सासऱ्यांनी शेवटी डबाच त्याच्यापुढे सरकवला.

सव्वीस तारखेला मैदानावर पोचताना गिअर दोनदा करकरला. बायको मागे बसली होती. आरशात तिचे डोळे दिसत होते आणि ते 'सांगा, सांगा' म्हणत होते. तिला मैदानाच्या कडेला उतरवून जावयाने घसा साफ केला, वळला, "बाबा," म्हणाला, आणि तेवढ्यात निरीक्षकांनी पुढचं दार उघडलं.

"आजोबा, मागे बसा. दुसऱ्या चाचणीत मला पुढे बसून गिअर पाहावा लागतो. नियम आहे."

नियम ही गोष्ट जावयाला इतकी प्रेमळ कधीच वाटली नव्हती. सासरे मागे गेले. पण लगेच नवी धास्ती आली. निरीक्षकांनीही पाय रोवले तर? त्याने चोरून त्यांच्या पायांकडे पाहिलं. ते सैल पसरले होते. रोज शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून बसून त्या गृहस्थांना भीती वाटायची राहिली असावी.

गाडी निघाली. पहिला गिअर. समोर लाल शंकूंची वळणावळणाची रांग होती. पहिला शंकू जवळ आला, आणि जावयाला वाटलं की स्टिअरिंग आपल्याकडे चालून येतंय. ते खरंच पोटाला टेकलं. गुडघे वर आले. निरीक्षकांचे गुडघे समोरच्या फळीला लागले आणि त्यांच्या हातातलं पेन पडलं. मागे सासऱ्यांनी दोन्ही पाय पुढच्या सीटला लावून गच्च रोवले होते, आणि अख्खी सीट, जावई आणि निरीक्षकांसकट, चार बोटं पुढे सरकली होती.

श्वास घ्यायला जागा नव्हती. पण क्लच मात्र पुरा दबत होता, अगदी तळापर्यंत. दुसरा गिअर आवाज न करता पडला. तिसरा पडला. वळणावर पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा. जावई स्टिअरिंग पोटाने वळवत होता असं म्हटलं तरी चालेल. मैदानाच्या कडेला त्याची बायको दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती. ती रडत नव्हती.

गाडी थांबली. निरीक्षकांनी मोठ्या कष्टाने गुडघे सोडवले आणि मागे वळले.

"आजोबा, पाय काढा हो. सीट ढकलताय तुम्ही."

सासऱ्यांनी खाली पाहिलं, स्वतःच्या पायांकडे, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत. मग त्यांनी ते हळूच मागे घेतले.

निरीक्षकांनी उतरून रूळ पाहिला, खटका हलवून पाहिला आणि फॉर्मवर लिहिलं. गिअर उत्तम. सीटचा खटका झिजलेला, पंधरा दिवसांत बदलावा. उत्तीर्ण. मग त्यांनी नाव बदलायचा कागद बॉनेटवर ठेवला आणि सासऱ्यांपुढे पेन धरलं.

सासऱ्यांनी पेन घेतलं, पण सही केली नाही.

"म्हणजे मी पुढे बसायचो तेव्हा," ते म्हणाले, "सीट मागे जात होती."

जावई पुढे झाला. "खटका झिजलाय, बाबा. खटक्याचाच दोष आहे."

"खटका मला माहीत आहे. मीच बसवलाय तो." सासरे कागदाकडे पाहत होते. "अडतीस वर्षांत मी त्या बाजूला कधी बसलोच नव्हतो. तिथून सगळं फार जवळ दिसतं हो. हातात काही नसतं."

मागून एका शिकाऊ माणसाने हॉर्न दाबला आणि स्वतःच दचकला.

सासऱ्यांनी सही केली. ठळक, सावकाश, शेवटी रेघ ओढून. पेन परत दिलं आणि गाडीकडे चालत गेले. जावयाने घाईघाईने मागचं दार उघडून धरलं. सासऱ्यांनी त्या उघड्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पुढून वळसा घालून गेले, शेजारच्या जागेवर बसले आणि वाकून चपला काढल्या. त्या नीट जोडून खाली ठेवल्या. मग एका हाताने समोरची फळी धरून त्यांनी एक पाय वर घेतला, कण्हत दुसरा घेतला, आणि कापड जिथे गुळगुळीत झालं होतं बरोबर तिथे गुडघे टेकवून मांडी घातली.

मागे येऊन बसलेल्या बायकोने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

जावयाने गाडी सुरू केली. पहिला गिअर. फाटकाबाहेर पडताना एक टेम्पो अंगावर आल्यासारखा आला. सासऱ्यांनी दोन्ही गुडघे हातांनी गच्च धरले, डोळे मिटले. क्लच तळापर्यंत गेला. दुसरा गिअर पडला, आणि पडल्याचं कळलंसुद्धा नाही.

बराच पुढे गेल्यावर सासऱ्यांनी एक डोळा उघडला.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही समोर बघा."